महालेखापालाची साधना

सरकारी नोकरी, सहा मुलांचा संसार आणि खात्यांमागून खात्यांची जबाबदारी. या सगळ्यातून रोज ध्यानाला वेळ काढणे शक्य आहे का? ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल सयाजी ऊ बा खिन यांनी या प्रश्नाचे उत्तर प्रवचनातून नव्हे, तर तीस वर्षांहून अधिक काळच्या दिनक्रमातून दिले. इगतपुरीच्या डोंगरात आज जी साधना शिकवली जाते, तिचे एक मूळ रंगूनच्या या हिशेबनिसाच्या कचेरीत आहे.

१९३७ च्या जानेवारीचा पहिला आठवडा नुकताच सरला होता. रंगून नदीला ओहोटी लागली होती. नदीपलीकडच्या एका खेड्याकडे निघालेली सांपान, म्हणजे तिकडची लहानशी होडी, निम्म्या वाटेवरच थांबली. पुढे खाडीला पाणी नव्हते. होडीतला सदतीस वर्षांचा प्रवासी काठावर उतरला आणि गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. तसाच पाय उपसत, भातखाचरे तुडवत तो प्योब्वेजी या गावी पोहोचला. शहरापासून हे गाव अवघे आठ मैल; पण चिखलातून चालणाऱ्याला ते आठ मैल फार लांब वाटावेत असे. चिखलाने माखलेल्या पायांनीच तो सया तै जी या गुरूंच्या आश्रमात शिरला. हा प्रवासी कोणी गोसावी किंवा संन्यासी नव्हता. तो रंगूनच्या महालेखापाल कार्यालयातला एक अधिकारी होता. घरी बायकामुले होती आणि टेबलावर फायली होत्या. दहा दिवसांच्या रजेचा अर्ज देऊन तो घाईघाईने निघाला होता. परत गेल्यावर नोकरी शिल्लक असेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती.

या प्रवाशाचे नाव बा खिन. 'ऊ' हे ब्रह्मदेशात प्रौढ, प्रतिष्ठित पुरुषाच्या नावाआधी लावायचे आदरार्थी पद आणि 'सयाजी' म्हणजे थोर गुरुजी. मराठी कानाला हे नाव बडोद्याच्या महाराजांची आठवण करून देते. परंतु त्या सयाजीशी याचा काही संबंध नाही. पुढे शिष्यांनी आदराने दिलेले हे पद मिरवणाऱ्या माणसाने आयुष्यभर आपली पहिली ओळख सरकारी नोकर आणि गृहस्थ हीच राखली.

गरिबीतला हुशार मुलगा

ऊ बा खिन यांचा जन्म ६ मार्च १८९९ रोजी रंगूनच्या कामगार वस्तीत, बेताच्या परिस्थितीतल्या कुटुंबात झाला. दोन भावंडांतले ते धाकटे. ब्रह्मदेशावर तेव्हा इंग्रजांचे राज्य होते आणि इंग्रजी आल्याशिवाय बढतीची पायरी चढता येत नव्हती. जवळच्या एका कारखान्यातल्या वृद्ध गृहस्थाच्या मदतीने आठव्या वर्षी या मुलाला मेथॉडिस्ट मिशनच्या शाळेत प्रवेश मिळाला. पाठांतर विलक्षण होते. इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक त्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तोंडपाठ केले. वर्गात पहिला नंबर ठरलेला. शिष्यवृत्ती मिळवून आणि एका ब्रह्मी शिक्षकाचे साहाय्य घेऊन तो सेंट पॉल्स या नामांकित शाळेत गेला. १९१७ च्या मार्चमध्ये शालान्त परीक्षेत त्याला सुवर्णपदक आणि महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली.

तथापि महाविद्यालयाची पायरी चढणे त्याच्या नशिबी नव्हते. घरच्या ओढाताणीमुळे शिक्षण सोडून कमावणे भाग पडले. प्रथम 'द सन' या ब्रह्मी वृत्तपत्रात आणि काही काळाने महालेखापालांच्या कार्यालयात हिशेब कारकून म्हणून तो रुजू झाला. या कार्यालयात ब्रह्मी माणसे फार थोडी होती. वरच्या खुर्च्यांवर इंग्रज आणि बाकीच्या बऱ्याच जागांवर भारतीय, अशी तेव्हाची रचना होती. अशा ठिकाणी ब्रह्मी कारकुनाला वर यायचे तर काम चोख हवे आणि आकड्यांत चूक नको. १९२६ मध्ये भारत सरकारच्या लेखा सेवेची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. मधल्या काळात लग्न झाले. पुढे पाच मुली आणि एक मुलगा असा संसार वाढला. मध्यमवर्गीय नोकरदाराचे आयुष्य जसे आखलेल्या रुळांवरून जाते, तसे ते चालले होते.

राजा रत्नागिरीला, धर्म घराघरांत

ऊ बा खिन यांच्या साधनेची पार्श्वभूमी समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले जिंकले आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला पदच्युत करून आपल्या कोकणात रत्नागिरीला आणून ठेवले. तेथेच १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्यासाठी बांधलेला थिबा राजवाडा रत्नागिरीत आजही उभा आहे. पण राजा गेला तेव्हा ब्रह्मदेशाने केवळ सिंहासन गमावले नाही. बौद्ध संघाचा आश्रयदाता राजा असे. तोच नाहीसा झाल्यावर धर्माचे रक्षण कोणी करायचे, हा प्रश्न त्या समाजापुढे उभा राहिला.

लेडी सयाडो (१८४६-१९२३) या विद्वान भिक्षूने त्याचे उत्तर शोधले. ज्ञान आणि ध्यान विहारांच्या भिंतीआड ठेवून चालणार नाही, ते सामान्य गृहस्थांच्या हाती दिले पाहिजे, असे त्यांनी मानले. पाली ग्रंथांतला आशय त्यांनी साध्या ब्रह्मी भाषेत लिहिला, गावोगाव फिरून सांगितला. शेतकरी, व्यापारी, घरातल्या स्त्रिया यांनीही ध्यान करावे, हा विचार त्या काळी तिकडे नवा होता. आपल्याकडे संतांनी ज्ञानाची भाषा बदलून ते सर्वांच्या अंगणात आणले, त्याची आठवण यावी असाच हा प्रकार होता.

लेडी सयाडोंच्या शिष्यांपैकी एक म्हणजे प्योब्वेजीचे सया तै जी (१८७३-१९४५). हेही गृहस्थच. शेतीभातीच्या जगात वाढलेले. १९०३ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्यांची मुले गेली आणि त्या दुःखाने त्यांना मृत्यूपलीकडच्या शांतीच्या शोधात घराबाहेर काढले. अनेक वर्षांच्या साधनेनंतर ते गावी परतले आणि लेडी सयाडोंच्या आशीर्वादाने ध्यान शिकवू लागले. चीवर न घेतलेला माणूस ध्यानाचा गुरू होऊ शकतो, ही गोष्ट त्यांच्या रूपाने प्रस्थापित झाली. पुत्रशोकातून उठलेल्या या शेतकऱ्याकडे रंगूनचा हिशेबनीस चिखल तुडवत आला होता.

पहिली बैठक आणि एक लिफाफा

सुरुवात मात्र अगदी साधी झाली होती. सया तै जींचा एक शिष्य ऊ बा खिन यांना भेटायला आला होता. बोलता बोलता त्याने आनापानाची, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्याची, रीत सांगितली. १ जानेवारी १९३७ रोजी ऊ बा खिन यांनी ती करून पाहिली. मन चटकन एकाग्र झाल्याचा अनुभव त्यांना आला. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी अनेक जण अनेक संकल्प करतात आणि आठवड्याभरात ते विरूनही जातात. या माणसाने आठवड्याच्या आत रजेचा अर्ज टाकला आणि होडी गाठली.

प्योब्वेजीला पोहोचले त्याच रात्री त्यांना आनापानाची दीक्षा मिळाली. दुसऱ्या दिवशी विपश्यना. दोन्हींची पद्धत थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे, करायला मात्र ती सोपी नाही. आनापानात नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर असलेल्या लहानशा जागेवर श्वासाचा स्पर्श जाणत राहायचे. श्वास मुद्दाम रोखायचा नाही, लांबवायचा नाही. जसा आहे तसा पाहायचा. मन पळाले की त्याच्यावर न रागावता परत आणायचे. असे करता करता मन धारदार झाले की ते शरीरभर फिरवायचे आणि ठिकठिकाणी उमटणाऱ्या संवेदना पाहायच्या: उष्णता, जडपणा, मुंग्या, वेदना, सूक्ष्म स्पंदन. सुखद संवेदनेला चिकटायचे नाही, दुःखद संवेदनेला झिडकारायचे नाही. प्रत्येक संवेदना उठते आणि जाते, हे स्वतःच्या अंगावर अनुभवायचे. बुद्धाने सांगितलेली अनित्यता वाचून पटते. या पद्धतीत ती गुडघ्याच्या कळेत आणि श्वासाच्या झुळुकीत भेटते.

दहा दिवस संपले. ऊ बा खिन रंगूनला परतले, तेव्हा टेबलावर एक बंद लिफाफा पडलेला होता. बडतर्फीचा हुकूम असणार, या शंकेने त्यांनी तो उघडला. निघाले मात्र बढतीचे पत्र. १९३७ च्या एप्रिलपासून ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा होणार होता आणि त्यासाठी उभ्या राहणाऱ्या नव्या लेखापरीक्षण कार्यालयात विशेष अधीक्षक म्हणून त्यांची निवड झाली होती.

ही कथा साधकांच्या वर्तुळात कौतुकाने सांगितली जाते आणि कधी कधी तिला चमत्काराचा रंगही चढतो. वास्तविक बढती मिळाली ती जवळजवळ वीस वर्षांच्या चोख कामामुळे आणि बदलत्या राजकीय परिस्थितीमुळे. त्या लिफाफ्यातले खरे महत्त्वाचे काही असेल तर ते निराळेच आहे. लिफाफ्यात काय आहे हे ठाऊक नसतानाही हा माणूस चिखलातून चालत गेला होता. आणि बढती हाती आल्यावर, जबाबदारी वाढली म्हणून ध्यान सोडण्याची सबब समोर आयती असतानाही, त्याने ध्यान सोडले नाही.

कारण सुरुवात करणे ही या मार्गातली तुलनेने सोपी गोष्ट आहे. दहा दिवसांच्या एकांतात जेवणाची वेळ ठरलेली असते, घरचे प्रश्न दूर असतात, गुरू समोर असतो. खरी परीक्षा घराच्या उंबऱ्याशी सुरू होते. मूल आजारी पडते, वरिष्ठांचा तगादा येतो, झोप अपुरी होते आणि बैठक उद्यावर जाते. ऊ बा खिन यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे गुरूशी संपर्क तुटू न देणे. ते पुनःपुन्हा प्योब्वेजीला जात. सया तै जी रंगूनला आले की त्यांच्या सहवासात बसत. या मार्गावरची त्यांची प्रगती एका झटक्याची नव्हती. ती वर्षानुवर्षांच्या नेमाची होती.

रेल्वेच्या डब्यातला पहिला धडा

१९४१ मध्ये सरकारी कामासाठी ते उत्तर ब्रह्मदेशात रेल्वेने फिरत होते. मंडालेजवळच्या चाउक्से येथे त्यांचा मुक्काम पडला. तेथे वेबू सयाडो नावाचे भिक्षू राहत. ध्यानातल्या त्यांच्या अधिकारामुळे लोक त्यांना सिद्धपुरुष मानत. फारशी पूर्वसूचना न देता झालेल्या या भेटीत वेबू सयाडो या अधिकाऱ्याच्या साधनेने प्रभावित झाले आणि आता त्यांनी इतरांना शिकवावे, असे त्यांनी आग्रहाने सुचवले. गृहस्थाला असा आग्रह एका श्रेष्ठ भिक्षूने करावा, ही मोठी गोष्ट होती. त्या मुक्कामातच, रेल्वेच्या डब्यात बसून ऊ बा खिन यांनी एका रेल्वे कर्मचाऱ्याला ध्यानाचा पहिला धडा दिला, असे त्यांच्या परंपरेत सांगितले जाते.

असे असूनही रीतसर शिकवायला त्यांनी जवळजवळ दहा वर्षे घेतली. मधल्या काळात युद्ध आले, जपानी फौजा आल्या, रंगूनची धूळधाण झाली. जपानी अमलाच्या काळात सया तै जी एकदा रंगूनला आले असता शिष्यांनी त्यांच्या दुर्मीळ भेटींबद्दल हळहळ व्यक्त केली. तेव्हा गुरूंनी स्वतःला ठरावीक वेळीच भेटणाऱ्या डॉक्टरची आणि ऊ बा खिन यांना कोणत्याही वेळी हाकेला धावणाऱ्या परिचारिकेची उपमा दिली. हिशेबाच्या वह्यांत बुडालेल्या माणसाबद्दल गुरूने व्यक्त केलेला हा विश्वास होता.

कचेरीतच ध्यानाची खोली

४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन देशाचे पहिले महालेखापाल झाले. ज्या कार्यालयात एके काळी ब्रह्मी माणूस कारकुनीपुरताच असे, त्याच्या सर्वोच्च खुर्चीवर कामगार वस्तीतून आलेला मुलगा बसला.

नवे राष्ट्र अडचणीत होते. यादवी पेटली होती, तिजोरी रिकामी होती आणि अनुभवी अधिकारी मोजके होते. त्यामुळे पुढची दोन दशके ऊ बा खिन यांच्याकडे एकाच वेळी दोन किंवा अधिक पदे राहिली. एका काळात सलग तीन वर्षे ते तीन खात्यांचे प्रमुख होते. आणखी एका वेळी सुमारे वर्षभर चार खात्यांचे. १९५६ मध्ये त्यांना राज्य कृषी पणन मंडळाचे अध्यक्ष नेमण्यात आले. तांदूळ ही ब्रह्मदेशाच्या निर्यातीची मुख्य जिन्नस, आणि तिचा व्यवहार या मंडळाच्या हाती. म्हणजे पैशाची मोठी उलाढाल आणि गैरव्यवहाराला तितकाच वाव. अशा जागी सरकारला हिशेबाचा पक्का आणि हाताचा स्वच्छ माणूस हवा होता. याच वर्षी शासनाने त्यांना 'थ्रे सिथू' हा उच्च किताब दिला.

या धबडग्यात त्यांनी केलेली गोष्ट आजच्या कार्यालयीन जगालाही विचार करायला लावणारी आहे. १९५० मध्ये महालेखापाल कार्यालयात त्यांनी विपश्यना मंडळ स्थापन केले आणि तेथील कर्मचाऱ्यांना ध्यान शिकवू लागले. ज्या टेबलांवर दिवसभर जमा-खर्चाचे मेळ बसवले जात, तेथलीच माणसे डोळे मिटून श्वासाचा मेळ पाहू लागली. यामागची धारणा स्पष्ट होती. ध्यानाचा पाया शील आहे. खोटे न बोलणे, न दिलेले न घेणे ही पंचशीलातली तत्त्वे सरकारी कचेरीत पाळता येत नसतील, तर नुसत्या बैठकीला अर्थ नाही. आणि ध्यानाने मन निवळले, तर फायलीवरचा निर्णयही निवळेल. लाच, चालढकल, साहेबाची मर्जी या रोगांवर त्यांनी ध्यानाकडे एक औषध म्हणून पाहिले.

१९५२ मध्ये श्वेडगॉन पॅगोड्याच्या उत्तरेला दोन मैलांवर त्यांनी आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र सुरू केले. मधोमध पॅगोडा आणि भोवती साधकांसाठी लहान कोठड्या अशी त्याची रचना. नाव आंतरराष्ट्रीय, आकार मात्र लहानच. कारण शिकवणारा माणूस दिवसा सरकारी काम करत होता आणि प्रत्येक साधकाकडे जातीने लक्ष देण्याचा त्याचा हट्ट होता. एका वेळी मोजकेच विद्यार्थी, हा त्याचा परिणाम. शिस्तीच्या बाबतीत सयाजी कडक होते. त्यांचा चढा आवाज आणि त्यामागची माया, दोन्हींच्या आठवणी शिष्यांनी सांगितल्या आहेत.

तासाभराचे खाते

गृहस्थांच्या अडचणी त्यांना पुस्तकातून नव्हे, घरातून ठाऊक होत्या. म्हणूनच त्यांची शिकवण संसारी माणसाच्या मापाची होती. महिनोन् महिने विहारात राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी दहा दिवसांचे सघन शिबिर; आणि त्यानंतर घरी रोजचा नेम, ही त्यांनी घातलेली घडी.

रोजच्या नेमाबद्दल त्यांनी आपल्या इंग्रजी लेखनात मांडलेला विचार अगदी व्यवहारी आहे. दिवसभर सतत अनित्यतेचे भान ठेवणे ही भिक्षूला साधणारी गोष्ट. गृहस्थाने तो अट्टहास धरू नये. त्याने दिवसाचा किंवा रात्रीचा ठरावीक वेळ बाजूला काढावा. त्या वेळात मात्र लक्ष देहाच्या आतच ठेवावे आणि क्षणोक्षणी होणाऱ्या बदलाशिवाय दुसऱ्या कशालाही तेथे थारा देऊ नये. मन फारच भरकटू लागले, तर झगडत न बसता पुन्हा श्वासाकडे यावे, एकाग्रता साधावी आणि मग पुढे जावे. अशी नियमित बैठक झाली की उरलेल्या दिवसातही गरजेच्या क्षणी आत वळून पाहण्याची सवय लागते. रागाच्या किंवा धास्तीच्या प्रसंगी ती उपयोगी पडते.

यात एका हिशेबनिसाची दृष्टी दिसते. कर्ज फेडायचे तर हप्ता लहान असला तरी चालतो, तो चुकता कामा नये. बचतीचे खातेही रोजच्या थोड्या रकमेने वाढते. वर्षातून एकदा मोठी रक्कम भरून बाकीचे दिवस ते विसरून गेल्याने नव्हे. ध्यान करणाऱ्या अनेकांना पहिल्या शिबिरातल्या अनुभवाची ओढ लागते आणि घरच्या कोरड्या बैठकीत तसे काही घडले नाही की ते निराश होतात. सयाजींच्या पद्धतीत सुखद अनुभव हा मिळकतीचा पुरावा नाही आणि अस्वस्थ बैठक हा तोटा नाही. जे येईल ते समतेने पाहिले की ती बैठक जमेच्या बाजूला.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. गृहस्थ साधकांच्या चरित्रांत घरातल्या माणसांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपतो. पण दहा दिवस रजा घेऊन निघणाऱ्या माणसाचे घर त्या दहा दिवसांत कोणीतरी चालवलेले असते. पहाटेची बैठक शांत होते, कारण कोणीतरी मुलांना सांभाळते. कुटुंबवत्सल माणसाची साधना ही एकट्याची मिळकत नसते. तिच्यात घरच्यांचे भांडवल गुंतलेले असते. बैठकीनंतर घरातल्यांशी बोलण्याचा सूर मऊ होत असेल, तरच त्या भांडवलाचे व्याज त्यांना मिळाले म्हणायचे.

धर्मसंगीतीचा हिशेब

१९५४ ते १९५६ या काळात रंगूनमध्ये सहावी बौद्ध संगीती भरली. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला तिकडच्या गणनेनुसार २५०० वर्षे होत होती. १७० एकरांच्या परिसरात निवास, भोजनगृहे, रुग्णालय, ग्रंथालय आणि हजारो भिक्षू मावतील अशी महापाषाणगुहा उभी राहिली. या खटाटोपात दानाच्या एकेका पैशाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी मानद लेखापरीक्षक म्हणून ऊ बा खिन यांच्याकडे होती. शिवाय ध्यानाच्या प्रत्यक्ष आचरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. याच काळात, डिसेंबर १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला आले होते. संगीतीच्या निमित्ताने आलेल्या पाश्चात्य जिज्ञासूंना ध्यान शिकायचे असले की त्यांना सयाजींकडे पाठवले जाई, कारण इंग्रजीत अस्खलितपणे समजावून सांगणारा दुसरा आचार्य तेव्हा तेथे नव्हता. लहानपणी पाठ केलेले व्याकरणाचे पुस्तक असे कामी आले. १९५१ मध्ये रंगूनच्या मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्यांनी बौद्ध धर्मावर व्याख्याने दिली. ज्या पंथाच्या शाळेने त्यांना इंग्रजी शिकवले, त्याच पंथाच्या मंडळींना त्यांनी त्या भाषेत बुद्ध समजावून दिला.

१९५५ मध्ये त्यांच्याकडे एक मारवाडी उद्योजक आला. मंडालेत जन्मलेले, सनातनी हिंदू घरातले सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने हैराण होते. झटका आला की मॉर्फिन टोचून घ्यावे लागे आणि परदेशातल्या डॉक्टरांकडूनही गुण येत नव्हता. डोकेदुखी बरी करण्यासाठी ध्यान शिकायचे असेल, तर सयाजी शिकवायला तयार नव्हते. विकारांपासून मुक्तीसाठी असलेली विद्या देहाच्या एका तक्रारीपुरती वापरणे म्हणजे तिचे अवमूल्यन, असे त्यांचे म्हणणे होते. मन शुद्ध करण्यासाठी बसायची तयारी असेल तर या, बाकीचे ओघाने होईल, अशी त्यांची भूमिका होती. गोयंकांनी काही महिने घोळवून अखेर दहा दिवस दिले. पुढची चौदा वर्षे ते गुरूंजवळ शिकत राहिले. तेही मुलाबाळांचे गृहस्थ आणि मोठ्या व्यापाऱ्याचा व्याप असलेले. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला दिलेला हा वारसा होता.

गुरू न आलेला देश

बुद्धाची ही विद्या भारतातून ब्रह्मदेशात आली आणि भारतात मात्र लोपली. तिचे ऋण भारताला परत करायचे, ही सयाजींची तीव्र इच्छा होती. १९६२ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशाची दारे बंद होत गेली. परदेशी साधकांना मोजक्या दिवसांचाच व्हिसा मिळे आणि देशाबाहेर जाणेही अवघड झाले. १९६७ मध्ये ते सरकारी सेवेतून पूर्णपणे मोकळे झाले; केवळ ध्यान शिकवण्यासाठी म्हणून आयुष्यातली शेवटची चारच वर्षे त्यांना मिळाली. त्या काळात त्यांनी रूथ डेनिसन, रॉबर्ट होव्हर, जॉन कोलमन यांसारख्या पाश्चात्य शिष्यांना शिकवण्याचा अधिकार दिला. भारतात मात्र ते स्वतः येऊ शकले नाहीत.

१९६९ च्या जूनमध्ये गोयंकांना आजारी आईला भेटण्यासाठी भारतात येण्याची परवानगी मिळाली. निघण्यापूर्वी सयाजींनी त्यांना आचार्यपदाचा अधिकार दिला. ३ जुलै १९६९ रोजी मुंबईच्या एका धर्मशाळेत पहिले शिबिर सुरू झाले. साधक होते चौदा, त्यांत गोयंकांचे आईवडीलही होते. पुढे १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाली. १९ जानेवारी १९७१ रोजी रंगूनमध्ये सयाजींचे अनपेक्षितपणे निधन झाले, तेव्हा यातले फारच थोडे त्यांना पाहायला मिळाले होते. २०१३ मध्ये गोयंकाही गेले; पण मुंबईजवळ गोराईच्या किनाऱ्यावर ब्रह्मी शैलीतला जो भव्य पॅगोडा उभा आहे, तो सयाजींच्या ऋणाची खूण म्हणून बांधला गेला.

महाराष्ट्र शासनाने पुढे आपल्या अधिकाऱ्या-कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली. १९३७ मध्ये रजेचा अर्ज टाकून धास्तावलेल्या मनाने चिखलातून चाललेल्या त्या हिशेबनिसाच्या कथेला यापेक्षा समर्पक जोड कोणती असणार?

सयाजी ऊ बा खिन यांचे चरित्र भव्य घटनांनी भरलेले नाही. त्यात राजवाडा सोडलेला राजपुत्र नाही, हिमालयातली गुहा नाही. एक माणूस कचेरीत जातो, मुले वाढवतो, चार खात्यांच्या फायली निकालात काढतो आणि रोज थोडा वेळ डोळे मिटून बसतो. असे तो तीस वर्षांहून अधिक काळ करतो. वेळ नाही म्हणून ध्यान उद्यावर टाकणाऱ्या आजच्या नोकरदाराला हे चरित्र अडचणीत आणते ते यासाठीच. त्यांच्याकडेही वेळ नव्हता. तो त्यांनी रोजच्या हिशेबात आधी मांडला आणि उरलेल्या दिवसाचा जमाखर्च त्यानंतर जुळवला.